चुकीच्या वेळेची काच

ते साल एकोणीसशे एकसष्ट. नोव्हेंबरातला बुधवार, दुपारचे चार. वेळ नक्की सांगता येते, कारण वेधशाळेच्या तळघरात चहाची किटली यायची ती चारच्या ठोक्याला, आणि त्या दिवशी मोजणीवालीने आपला अख्खा कप स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला तरी ती जागची उठली नाही.

"अगं, अगं, अगं!" यंत्राला डोळा लावूनच ती ओरडली.

शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. टंकलेखिका दारात आली. "काय झालं? पाल पडली का अंगावर?"

"धडधडा!"

"कुठे?"

"इथे. ये लवकर. कडेला तीन ठिपक्यांची ओळ आहे ना, तिच्या जरा खाली. पापणी हलवू नकोस हं."

"माझं डोकं गरगरतं बाई तुझ्या त्या टकटक्यात," असं म्हणत टंकलेखिकेने चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. मोजणीवालीने दांडी डावी-उजवीकडे हलवायला सुरुवात केली. टक. टक. टक. टक. टंकलेखिका आणखी खाली वाकली. मग हळूच म्हणाली, "अय्या, हा फुगतोय की!"

टकटक्या हे त्या यंत्राचं तळघरातलं नाव. त्यात काचेच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या. दोन्हींवर आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले. दांडी हलवली की डोळ्यापुढे एकदा ही काच येते, एकदा ती. जे तारे जसेच्या तसे आहेत ते स्थिर दिसतात. ज्याचा उजेड कमी-जास्त झालाय तो तेवढा जागच्या जागी धडधडायला लागतो. पुस्तकात अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. तळघरात त्यांना धडधडेच म्हणत. काचेवर सगळं उलटं असतं, आकाश पांढरं आणि तारा काळा. जितका तेजस्वी तितका मोठा ठिपका.

मोजणीवाली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षापासून ती एकाच तारकागुच्छात धडधडे शोधत होती. लाखभर तारे मूठ आवळून धरल्यासारखे एका जागी जमलेले, मधे इतकी दाटी की नुसता काळा डाग, कडेला मात्र एकेक दाणा सुटा. सगळे त्याला सांडलेली साखर म्हणत. आठ वर्षांत बेचाळीस धडधडे सापडले होते. शुक्रवारी दुपारी ती बेचाळीसची यादी छापखान्यात जायची होती. यादी गेली की गुच्छाचं काम संपलं. चांगल्या काचा माळ्यावर जाणार होत्या, आणि बाद काचा शनिवारी खरवडून खिडक्यांना लावायला सुतारखात्यात.

टंकलेखिकेने काचेचं कागदी पाकीट उचललं आणि तिचा चेहराच बदलला. पाकिटावर तांबड्या शाईत लिहिलं होतं : 'चुकीची वेळ. निकामी.'

"ही तर बाद पेटीतली आहे. ही... तुझ्या बाबांची ना गं?"

"हो."

"मग ही टकटक्यात कशाला लावलीस?"

"खरवडायच्या आधी एकदा बघावं म्हटलं," मोजणीवाली म्हणाली. "खरंच निकामी आहे का ते."

*

वेधशाळेचा साहेब वाईट माणूस नव्हता. नियमाचा होता. उन्हाळ्यातही गळ्याला मफलर गुंडाळायचा आणि टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावायचा. तो तळघरात आला, टकटक्यावर वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"डाग आहे," तो म्हणाला.

"साहेब, डागाला अशी मऊ कडा नसते. मी आठ वर्षं डागच बघतेय."

"बाकीच्या काचांवर हा ठिपका कसा आहे?"

"बारीक. सगळ्यांवर सारखाच."

"काचा किती?"

"एकशे अठरा."

"म्हणजे एकशे अठरा काचा म्हणतात हा तारा बदलत नाही, आणि एक काच म्हणते बदलतो. तीही गुच्छ पश्चिमेला कलल्यावर घेतलेली." त्याने मफलर सारखा केला. "गुच्छ माथ्यावर असतानाच काच घ्यायची, हा नियम मी उगीच केलेला नाही. खाली उतरला की मधली हवा दाट होते, ठिपके सुजतात."

"मग एकच का सुजला? शेजारचे का नाही?"

साहेबाने पुन्हा एकदा डोळा लावला. "तीन काचांवर बदल दिसला तर यादीत घ्यायचा, हाही नियम आहे. एक तुमच्याकडे आहे. आणखी दोन आणा. शुक्रवारी बारापर्यंत." आणि दारातून वळून म्हणाला, "तुमचे वडील आहेत म्हणून सांगतोय असं समजू नका. ते चुकले नसते तर मला आनंदच झाला असता."

तो गेल्यावर टंकलेखिका पुटपुटली, "हसायलाही याला तीन काचा लागत असतील."

*

घरी बाबा बटाटे सोलत बसले होते. साल अखंड निघालं पाहिजे असा त्यांचा हट्ट. एकतीस वर्षं त्यांनी दुर्बिणीच्या घुमटात काचा लावल्या आणि काढल्या होत्या. दिवसा झोपत आणि रात्री जागत, म्हणून अख्खी वेधशाळा त्यांना घुबड म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं. सहा वर्षांपूर्वी साहेबाची ती तांबडी शाई पडली आणि तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला गेले नाहीत. तेव्हापासून वेधशाळेच्या रस्त्याने भाजी आणायलासुद्धा जात नसत.

"बाबा, तुमची ती काच आज मी बघितली."

सुरी थांबली नाही. "कुठली?"

"तांबड्या शाईची."

सालीचा तुकडा पडला. "तुला दुसरी कामं नाहीत?"

"तिच्यावर धडधडा आहे. बाकी एकशे अठरा काचांवर तो गप्प आहे, आणि तुमच्या एकट्या काचेवर दुप्पट झालाय. साहेब म्हणतात, डाग."

"म्हणू दे. बटाटे चिर."

"बाबा, त्या रात्री नेमकं काय झालं होतं? तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

बाबांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग ओले हात पंच्याला पुसले आणि उठून टेबलाचा खण उघडला. आत त्यांचं जुनं मनगटी घड्याळ होतं, बंद पडलेलं. तिने ते ओळखलं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. म्हणून वेधशाळेच्या भिंतीवर रोज चार मिनिटं पुढे पळणारं एक घड्याळ असतं, ते तारकाघड्याळ. बाबांनी आपलं मनगटी घड्याळही घड्याळजीकडून तसंच पळतं करून घेतलं होतं. घरात त्यांच्या घड्याळात किती वाजले हे कुणी विचारायचं नाही, अशी लहानपणापासूनची सवय.

"साखर माथ्यावर येते तारकाघड्याळात बावीस वाजता," बाबा म्हणाले. "मनगटावर दहा. एकतीस वर्षं मनगटावर दहा बघितले की काच लावली. त्या आठवड्यात तुझी आई दवाखान्यात होती. तिला औषध द्यायचं ते आपल्या साध्या वेळेने, दर चार तासांनी. माझ्या घड्याळात किती वाजले ते तिला कळेना, घाबरायची. म्हणून मी काटे साध्या वेळेला लावून टाकले. रोज सकाळी चार मिनिटं मागे सारायचे, बस. आणि एका संध्याकाळी घुमटात गेलो, काटे बदललेत हे विसरून मनगटावर दहा वाजायची वाट बघत बसलो. दहा वाजले. काच लावली."

"तीन तास उशिरा."

"तीन तास उशिरा. दुर्बीण पश्चिमेला एवढी झुकलेली, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काच काढताना भिंतीवर बघितलं तर तारकाघड्याळात एक वाजून गेलेला."

"आणि तुम्ही वहीत खरी वेळ लिहिलीत."

"मग काय खोटी लिहू?" बाबा खेकसले. "हात चुकतो माणसाचा. वहीत चुकायचं नसतं."

मोजणीवाली बटाट्याची फोड हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यात दांडी हलत होती. टक. टक.

"बाबा, बाकीच्या एकशे अठरा काचा किती वाजताच्या?"

"सांगितलं ना, बावीस. सगळ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. साहेबाचा नियम आहे... " ते बोलता बोलता थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे. मग त्या साठी उलटलेल्या माणसाने टेबलावर अशी थाप मारली की बटाटे घरंगळत चुलीपाशी गेले.

"अगं पोरी! तो बारा तासांचा आहे!"

"बारा तासांचा म्हणजे?"

"उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा, एक फेरा बारा तासांचा. साखरेतले बरेचसे धडधडे अर्ध्या दिवसाच्या आसपासचेच असतात! ताऱ्यांचे बारा तास! मी रोज बावीसला जाणार, आणि तो रोज बावीसला त्याच अवस्थेत बसलेला असणार!" ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "आपल्या दूधवाल्याला विचार, समोरच्या वहिनी कशा आहेत? तो सांगेल, बाई कधी केस विंचरत नाहीत. का? तो रोज साडेपाचलाच येतो! दुपारी आला असता तर वहिनींना ओळखलंही नसतं त्याने!"

मोजणीवाली इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती खुर्चीवर बसली. "पण बाबा, साहेबांना तीन काचा हव्यात. अवेळी घेतलेल्या. नियमाबाहेरच्या. आहेत का कुठे?"

"या साहेबाच्या काळात नाहीत. त्याच्या आधीही बावीसचाच प्रघात होता, पण उशीर झाला म्हणून काच बाद करत नसत..." बाबांनी डोळे मिटले. एकतीस वर्षांच्या रात्री त्यांना तारखेने आठवत नसत. त्या रात्री काय घडलं, त्यावरून आठवत. "मोती," ते म्हणाले. "कोण तरी बडे पाहुणे आले होते. त्यांच्या बायकोची मोत्यांची माळ घुमटात तुटली. मोती रुळांत, दुर्बिणीच्या पायाखाली, सगळीकडे. आधीचे साहेब, त्या बाई, मी, आम्ही सगळे गुडघ्यांवर. दीडेक तास. त्यानंतर काच लावली, पाहुण्यांना दाखवायला."

"आणि दुसरी?"

बाबा जरा लाजल्यासारखे झाले. "दुसरी सोपी आहे. तू झालीस ती रात्र. मी दवाखान्यातून चार तास उशिरा पोचलो."

*

गुरुवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वेधशाळेत आले. तळघराच्या पायऱ्या उतरताना ते भिंतीला हात लावत होते. डाव्या डोळ्यावर तेव्हाच पडदा यायला लागला होता. काचांचा, जुन्या कागदाचा आणि रसायनांचा तो वास आल्यावर ते शेवटच्या पायरीवर थोडे थांबले.

"आलं बाई घुबड दिवसाउजेडी!" टंकलेखिका ओरडली.

"तुझी जोडाक्षरं अजून तशीच चुकतात का?"

"तुमच्या लेकीचं अक्षर लागत नाही म्हणून चुकतात. माझा काय दोष?"

जुन्या नोंदवह्या कपाटावरून खाली काढल्या. धुळीने तिघांनाही शिंका सुटल्या. मोजणीवाली पानं उलटायची आणि बाबा बोटाने मागे-पुढे करायला सांगायचे. "हे नाही. हे नाही. या साली घुमटाची झडप अडकायची. पुढे जा. थांब." तेवीस वर्षांपूर्वीचं पान. बाबांच्या तेव्हाच्या टोकदार अक्षरात वेळ, काचेचा क्रमांक, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द : 'मोती.'

काच सापडली. टकटक्यात लावली. मोजणीवालीने दांडी धरली. टक. टक.

"आहे!" ती किंचाळली. "अर्धा फुगलाय! बाबा, उजळायला लागलाय!"

"दीड तासाला अर्धा. तीन तासाला पुरा," बाबा म्हणाले. "आता तू."

सत्तावीस वर्षांपूर्वीची ऑक्टोबरची वही. तिची जन्मतारीख. शेऱ्यात लिहिलं होतं : 'उशीर. मुलगी.' टंकलेखिकेने पदर तोंडाला लावला. मोजणीवालीने तो शब्द पाहिला, पण तेव्हा तिला थांबायला वेळ नव्हता. पाकीट काढलं, तर आतून खळकन आवाज आला.

काच फुटलेली होती.

मोजणीवालीने टेबलावर पांढरा कागद पसरला आणि दोन्ही तुकडे हळूच बाहेर काढले. तडा वरच्या कोपऱ्यातून तिरका आला होता आणि गुच्छाच्या दाट भागातून आरपार गेला होता. तीन ठिपक्यांची ओळ मात्र खालच्या तुकड्यावर होती. अख्खी.

"लाव," बाबा म्हणाले.

"चौकटीत बसणार नाही बाबा, तुकडा हलेल."

"मी धरतो."

त्यांनी दोन बोटांनी काचेचा तुकडा कडेला धरला. एकतीस वर्षं काचा धरलेली ती बोटं. दांडी हलली, तुकडा तसूभरही हलला नाही. टक. टक. टक.

"मोठा आहे," ती म्हणाली. "पण तुमच्या काचेपेक्षा जरासा लहान. उतरायला लागलाय."

"चार तासाला उतरायला लागला," बाबा म्हणाले, आणि तुकडा न सोडताच हसायला लागले.

*

साहेब आला. तिन्ही काचा त्याने स्वतः लावून पाहिल्या. वह्यांतल्या वेळा पाहिल्या. मग एका कागदावर चार खुणा केल्या : बावीसला बारीक, दीड तासाने अर्धा, तीन तासांनी पुरा, चार तासांनी किंचित कमी. खुणांवरून पेन्सिलीने रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत बसला.

"बारा तारकातास," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे माझ्या नियमानेच हा लपून राहिला."

कुणीही 'हो' म्हटलं नाही. तेवढी अदब तळघरात होती.

"त्रेचाळीस," साहेब टंकलेखिकेला म्हणाला. "यादी पुन्हा टाइप करा."

"सगळी?" टंकलेखिकेने विचारलं, पण तिचे हात कागद लावायला लागले होते.

साहेबाने तांबड्या शाईचं पाकीट उचललं. खिशातून पेन काढलं, आणि बाबांकडे न बघता म्हणाला, "हा शेरा मी खोडतो."

"नको," बाबा म्हणाले.

साहेब थांबला.

"वेळ चुकीचीच होती, साहेब. मी मनगटावर बघितलं, भिंतीवर बघायला हवं होतं. खरं आहे ते. खोडू नका." बाबांनी पाकिटावर बोट ठेवलं. "'निकामी' तेवढं बघा. त्याच्याखाली काही लिहायचं असेल तर लिहा."

साहेब खुर्चीत बसला. बराच विचार करून त्याने काळ्या शाईने, आपल्या नियमाच्या सरळ अक्षरांत, खाली एक ओळ लिहिली. मोजणीवालीने ती खांद्यावरून वाचली : 'हिच्याच आधारे क्र. ४३ सापडला. वेळेची नोंद अचूक.' आणि खाली सही.

"आता तुम्ही बघा ना बाबा," ती म्हणाली. "तुमचाच आहे तो."

बाबांनी उजवा डोळा लावला. तिने दांडी हलवली. ते मन लावून पाहत होते, पण तीन ठिपक्यांची ओळ त्यांना सापडत नव्हती, हे तिला त्यांच्या मानेवरून कळलं. ती दांडी हलवत राहिली.

"आवाज ऐकू येतोय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "छान चाललाय."

*

यादी त्या हिवाळ्यात छापून आली. त्रेचाळिसाव्या ताऱ्यापुढे एक लहान तळटीप होती, तीत अवेळच्या तीन काचांचे क्रमांक होते. बाबांनी तळटिपेचं ते पान कापून पाकिटात ठेवलं. त्याच आठवड्यात खणातलं घड्याळ काढून किल्ली दिली आणि तारकावेळेला लावलं.

साहेबाने नियम बदलला नाही, त्यात भर घातली. महिन्यातून एक काच मुद्दाम अवेळी घ्यायची. त्या काचेला वेधशाळेत 'घुबडाची काच' म्हणायला लागले, तेही त्याने चालवून घेतलं. पुढे तो मोठ्या वेधशाळेत गेला आणि मफलरासकट तिथेच निवृत्त झाला. टंकलेखिकेने लग्न केलं, टायपिंगचे वर्ग काढले आणि ती नातवंडांना मोत्यांची गोष्ट अशी रंगवून सांगायची की जणू गुडघ्यांवर तीच होती.

बाबा आणखी बारा वर्षं जगले. शेवटी दोन्ही डोळे गेले, पण घड्याळ कानाशी असायचं. तबकडीवर बारा तास आणि ताऱ्याचा फेरा बारा तासांचा, त्यामुळे काटा एकावर आला की तारा पुरा उजळलेला, हे त्यांचं गणित. काच काढलेल्या घड्याळाचे काटे ते बोटांनी चाचपायचे आणि भर दुपारी जेवताजेवता म्हणायचे, "उजळला गं." मोजणीवाली म्हणायची, "हो बाबा." आणि भात वाढायची.

टकटक्या पुढे मोडीत निघाला. मोजण्या यंत्रं करू लागली. मोजणीवालीने शेवटच्या वर्षापर्यंत त्या तळघराच्या किल्ल्या सांभाळल्या, आणि मग त्याही दिल्या.

एकदा बाबांचं ते घड्याळ थांबलं. स्प्रिंग गेली होती. तिने कोपऱ्यावरच्या नव्या घड्याळजीकडे नेलं. चार दिवसांनी आणायला गेली तेव्हा त्याने डोळ्यावरचं भिंग वर केलं.

"चालू केलंय, आजी. पण हे रोज चार मिनिटं पुढे पळतं. बसा जरा, नीट करून देतो."

"नको," ती म्हणाली आणि घड्याळ मनगटावर बांधलं. काटा एकाच्या जवळ येत होता. "नीटच आहे ते."